मधल्या काचा

डावी बाजू

माणूस दोराला लटकला की दोन गोष्टी शिकतो. एक, खाली बघायचं नाही. दुसरी, माघार घ्यायची नाही. जावयाने दुसरी जरा जास्तच मनावर घेतली होती.

जावई म्हणजे ज्याची ही गोष्ट आहे तो. त्याला नाव होतं, पण सासूबाई 'जावईबापू' म्हणत, बायको 'अहो' म्हणे आणि कामावर सगळे 'गिड्ड्या' म्हणत, त्यामुळे नाव न वापरता नवंकोरं राहिलं होतं.

धंदा काचा पुसण्याचा. समुद्राकाठच्या सगळ्यात उंच इमारतीला समुद्राच्या अंगाने डोक्यापासून पायापर्यंत काचच काच होती. वारा खारट. सकाळी लखलखीत केलेली काच चार दिवसांत मिठाने आंधळी व्हायची. गच्चीवरून दोर सोडायचा, कमरेला पट्टा आवळायचा, पट्ट्याला बादली टांगायची, हातात रबराची पट्टी घ्यायची आणि वरून खाली पुसत उतरायचं. तळाशी पोचलं की लिफ्टने वर जाऊन पुढची ओळ. शेवटची ओळ होईपर्यंत पहिली पुन्हा मळलेली. म्हणजे काम कधी संपत नाही, आणि संपत नाही म्हणून सुटतही नाही.

इमारतीचा डावा भाग जावयाचा. उजवा लंब्याचा.

लंब्या म्हणजे जावयाच्या बायकोचा थोरला भाऊ. तो आधी मित्र झाला, मग मेहुणा झाला आणि मग वैरी झाला. नात्यात अशीच बढती मिळत जाते.

वैर कशावरून, तर सासूबाईंवरून.

सासूबाईंचं आयुष्य केस कापण्यात गेलं. गल्लीतल्या तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली. दुकान बंद केलं तरी जीभ चालू होती, आणि ती कात्रीपेक्षा बरी चालायची. राहायच्या एकट्याच, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. थंडीच्या दिवसांत जिन्यात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. मोडलं ते जुळलं वाकडं, मग डॉक्टरांनी पुन्हा मोडून जुळवलं. प्लास्टर काही उतरेना. डाव्या हाताने विंचरायच्या, त्यामुळे ज्या बाईने जन्मभर लोकांचे भांग सरळ पाडले तिचा स्वतःचा भांग आता कानापासून निघून टाळूवर रस्ता चुकायचा.

"आई आमच्याकडे येईल," जावई म्हणाला.

"आई माझ्याकडे येईल," लंब्या म्हणाला.

हे बोलणं झालं बाराव्या मजल्याच्या उंचीवर, दोघे दोराला लटकलेले असताना. काचेच्या आत कुठल्यातरी कचेरीची बैठक चालली होती. आतल्या साहेबलोकांनी कामकाज थांबवून बाहेरचं भांडण बघायला घेतलं. ऐकू काही येत नव्हतं, पण हातवारे बोलके होते.

"ती माझी आई आहे," लंब्या म्हणाला. "तुझी नुसती सासू."

"आई आहे तर तिच्या जिन्यातला दिवा इतके दिवस बंद कसा? अंधारात घसरली ती!"

हे लागलं. लागलं म्हणून लंब्याने हाताला येईल ते फेकलं. "तुला आई नव्हती म्हणून माझी पळवतोस होय रे?"

जावयाला खरंच आई नव्हती. म्हणजे होती, पण त्याला आठवायच्या आत गेलेली. त्याने दोर सैल सोडला आणि सरसर खाली निघून गेला. त्यानंतर दोघांत अबोला. त्यांच्यामध्ये हवा होती, तेवढीच.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी दोघांना दारात उभं केलं. "माझी वाटणी करायला मी काय इमारत आहे? आधी एकमेकांशी बोला, मग माझ्याशी. तोवर मी माझ्या चौथ्या मजल्यावर बरी."

आणि दार लावून घेतलं. डाव्या हाताने, म्हणून नीट लागलं नाही. पण अर्थ पोचला.

मधली बाजू

इथे काहीतरी यायला हवं होतं. दुसरं कोणीतरी लिहील या भरवशावर राहून गेलं. पुढे चला.

उजवी बाजू

बोटीची तिकिटं बायकोने काढली.

"आईला जरा हवा मिळेल," ती जावयाला म्हणाली. "मावळतीची फेरी आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने दीपगृहापर्यंत जायचं आणि परत. आपण तिघंच."

भावालाही ती हेच म्हणाली. 'तिघंच' हा शब्दही तोच. फक्त तिघांतला तिसरा कोण, हे दोन्हीकडे वेगळं होतं.

जावई खूश झाला. त्याच्या डोक्यात एक बेत घोळत होता. सासूबाईंनी त्याचं काम कधी पाहिलंच नव्हतं. खालून बघायचं तर मान दुखते, आणि वर माणूस लटकलेला दिसला की त्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या. पण समुद्रातून? संध्याकाळी? सूर्य समोरून काचांवर पडला की इमारत सोन्यासारखी पेटते असं तो ऐकून होता. त्याने स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. नाक काचेला टेकलेलं असताना इमारत दिसते कुठे? फार तर आपलंच नाक दिसतं. आज सासूबाई बघतील. डावी बाजू बघतील. मग लंब्याची उजवी बघतील. मग त्यांच्या लक्षात येईल की कोण काम मनापासून करतो आणि कोणाकडे राहायला जावं. त्यासाठी आठवडाभर त्याने डावी बाजू अशी घासली होती की कावळे त्यात भांग पाडून जात.

धक्क्यावर बोट उभी होती. दोन मजली, पांढरी, कडेला जुनी टायरं बांधलेली. सासूबाई हातातलं प्लास्टर झोळीत घालून, ठेवणीतली शाल पांघरून वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या. जावई त्यांच्यासाठी चहा घेऊन वळला, तर समोर लंब्या. त्याच्याही हातात दोन पेले.

दोघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली.

"अगं, हा इथे कसा?" दोघांनी बायकोला एकदम विचारलं. एकमेकांना नाही.

बोटीने भोंगा दिला आणि धक्का मागे सरकला.

"ज्याला उतरायचंय त्याने उतरावं," बायको म्हणाली. "दादा, तुला पोहता येतं. ह्यांना येत नाही. बघा बाई काय ते."

सासूबाईंनी दोन्हीकडचे चहा घेतले, एक डाव्या बाजूला ठेवला, एक उजव्या, आणि लेकीच्या पेल्यातला घोटभर प्यायल्या.

फेरीत भोंग्यावरून माहिती सांगणारी एक बाई होती. आवाज गोड आणि पाठांतर पक्कं. रोज तेच सांगून शब्द इतके गुळगुळीत झाले होते की कानातून घसरत होते. हे न्यायालय, हे संग्रहालय, ही आगीतून वाचलेली जुनी गोदी. लोक माना हलवत होते आणि शेंगदाणे खात होते.

सूर्य उतरायला लागला तशी सगळी बोट पश्चिमेकडे धावली. फोन वर झाले. बोट त्या अंगाला इतकी कलली की सुकाणूवरच्या सारंगाने ओरडून चार माणसं परत बसवली. सासूबाई मात्र शहराच्या बाजूला खुर्ची धरून बसल्या होत्या.

"आई, सूर्य तिकडे आहे," लंब्या म्हणाला.

"तो रोजच मावळतो. त्यात काय बघायचं? मला माझ्या पोरांचं काम बघायचंय."

'पोरांचं' म्हणाल्या. जावयाने तो शब्द कानात नीट घडी घालून ठेवला.

"डावीकडचं माझं, आई," तो चटकन म्हणाला.

"उजवीकडचं माझं," लंब्या म्हणाला.

"दिसू तर द्या. आत्ताच काय बोली लावताय?"

न्यायालयाचा घुमट सरला आणि त्यामागून इमारत बाहेर आली. उन्हाचा शेवटचा तुकडा तिच्यावर पडला आणि ती पेटली. डावी बाजू सोन्याची. उजवी बाजू सोन्याची. जावई उठून उभा राहिला. आपण रोज फडक्याने जे पुसतो ते हे? त्याने चोरून लंब्याकडे पाहिलं. लंब्याचाही जबडा खाली आला होता.

आणि मग दोघांचेही जबडे आणखी खाली आले.

सोन्याच्या बरोबर मधोमध, गच्चीपासून जमिनीपर्यंत, एक काळपट, मळकट पट्टा होता. सरळ, रेघ मारल्यासारखा.

सासूबाई पुढे वाकल्या. "हा भांग कोणी पाडला गं हिला?"

तेवढ्यात भोंगा बोलायला लागला. "आणि हा आपल्या शहराचा सुवर्णमनोरा! मधोमध दिसणारा गडद पट्टा ही रचनाकाराची खास कल्पना आहे. माणसाच्या मनातलं द्वैत त्याला यातून सुचवायचं आहे."

शेजारचा कॅमेरेवाला गृहस्थ हळहळला. "काय खोल विचार आहे!"

"खोल आहे खरा," सासूबाई म्हणाल्या. "जमिनीपर्यंत गेलाय."

जावई आता लंब्याकडे वळला होता. न बोलण्याचा पण केलाय हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"तू नाही पुसलीस?"

"मी? मला वाटलं तू पुसतोयस!"

"माझी बाजू जिन्यापर्यंत."

"माझीही जिन्यापर्यंतच."

"मग जिना कोणाचा?"

जिना कोणाचा ते दोघांनाही ठाऊक होतं.

मधली बाजू (राहिलेली)

तर मघाशी राहून गेलं ते हे.

इमारतीच्या मधोमध जिना आहे. लिफ्ट असल्यावर जिन्याने कोण मरायला चढतो? त्यामुळे त्याच्या काचांतून बाहेर बघणारं कोणी नाही, आणि मळल्या तर तक्रार करणारंही कोणी नाही. ती ओळ ना डावीची, ना उजवीची. ती दोघांची होती. आठवड्याच्या शेवटी जावई डावीकडून आणि लंब्या उजवीकडून सरकत मधे यायचे, दोर शेजारी शेजारी बांधायचे आणि एकाच काचेचा अर्धा अर्धा भाग पुसत, गप्पा हाणत उतरायचे. कामातलं सगळ्यात हलकं काम ते. जावयाने लंब्याच्या बहिणीला मागणी घातली ती याच ओळीत, नवव्या मजल्याच्या आसपास. लंब्या तेव्हा इतका हसला होता की त्याची बादली निसटली होती.

अबोला धरल्यापासून दोघेही जिन्याच्या अलीकडे थांबायचे. मधे गेलं तर खांद्याला खांदा लागणार, आणि खांदा लागल्यावर न बोलणं फार कठीण. जावयाला वाटायचं, थोरला आहे, तो करेल. लंब्याला वाटायचं, धाकटा आहे, त्यानेच करायला हवं. आणि मीठ काही थोरला-धाकटा बघत नाही. ते साचत राहिलं.

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," सासूबाई म्हणाल्या. प्लास्टरचा हात त्यांनी इमारतीकडे उचलला, मग स्वतःच्या छातीशी आणला. "तिचं तेच, माझं तेच. दोघंही म्हणता माझी माझी. आणि मधल्या मधे आम्ही मळतोय."

जावयाने मान खाली घातली. उंचावरूनही कधी खाली न बघणाऱ्या माणसाने आज दोराशिवायच खाली पाहिलं.

कॅमेरेवाला वाकून विचारत होता, "आजी, तुम्हाला या रचनेबद्दल काही माहिती आहे का?"

"रचनाकार हे दोघं," सासूबाई म्हणाल्या. "विचारा काय द्वैत-बित आहे ते."

बायको तोंडावर पदर धरून हसत होती. पदराआडून खिंकाळण्यासारखा आवाज येत होता.

सूर्य बुडाला. इमारतीवरचं सोनं वरून खाली विझत गेलं. डावी बाजू काळी झाली, उजवी काळी झाली. आणि जिन्यातले दिवे लागले. आता सगळ्या इमारतीत तो मधला पट्टाच तेवढा उजळलेला होता, धुळीमागून, मिणमिणता, पण होता.

"बघ आई," लंब्या भारावून म्हणाला, "मळला असला तरी उजेड—"

"प्रवचन नको. पुसा." सासूबाईंनी दोन्ही गार झालेले चहा दोघांच्या हातात दिले. "आता नीट ऐका. जो ही मधली ओळ पुसेल त्याच्याकडे मी राहायला येईन. बोलून झालं माझं."

"मी!" दोघे एकदम म्हणाले.

वरून खाली

सकाळी जावई गच्चीवर पोचला तर लंब्या आधीच दोर बांधत होता. दोघांनी एकमेकांच्या गाठी तपासल्या. ते कधी सुटलं नव्हतं. अबोल्याच्या दिवसांतही रोज सकाळी एकमेकांची गाठ ओढून बघायची आणि तोंड फिरवायचं, असं चाललं होतं. वैर वैराच्या जागी, गाठ गाठीच्या जागी.

शर्यत लागली होती, पण ती मांडायची कशी? वरून एकजण आणि खालून दुसरा असं जमत नाही, दोर वरूनच सुटतो. पुढे-मागे जमत नाही, वरच्याचं घाण पाणी खालच्याच्या टाळक्यावर. उरलं ते जुनंच. शेजारी शेजारी, अर्धी अर्धी काच.

सासूबाईंना हे ठाऊक असणार, असं जावयाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरल्यावर, म्हणजे फार उशिरा, ध्यानात आलं.

मीठ असं घट्ट बसलं होतं की एका हाताने निघेना. पहिले काही मजले दोघे मुकाट्याने खरवडत होते. खांदा खांद्याला लागत होता. बाराव्या मजल्यावर त्याच कचेरीत बैठक भरली होती. जिन्याच्या दारातून एका साहेबाने डोकावून पाहिलं आणि आतल्यांना खूण केली: आले, दोघे आले. तीन-चार जण जिन्यात येऊन उभे राहिले.

लंब्याने त्यांच्याकडे पाठ करता येईल तेवढी केली. लटकलेल्या माणसाला फार करता येत नाही.

"ते मी आईवरून बोललो ना," तो काचेला म्हणाला. "पळवतोस वगैरे."

"हं."

"तसं बोलायला नको होतं."

जावयाने पट्टी झटकली. "दिव्याचं मीही बोललो. दिवा मलाही बदलता आला असता. मीही त्याच जिन्याने जायचो."

"हो की! तू का नाही बदललास?"

"मला वाटलं तू बदलशील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी लंब्या हसला, मग जावई, आणि हसण्याने दोन्ही दोर असे हलायला लागले की दोघे एकमेकांवर आपटले. काचेआडून टाळ्या वाजल्याचं दिसलं. ऐकू आल्या नाहीत.

"साबण दे तुझा. माझा संपला."

"नवीन काय त्यात? तुझा कायम संपलेलाच असतो."

तिथून पुढे तोंडं थांबली नाहीत. लंब्याची गुडघेदुखी, जावयाच्या घरमालकाची मांजर, बोटीवरची भोंगेवाली बाई, सगळं निघालं. बोलता बोलता तळ आला. शेवटची काच उरली, जमिनीपासून वीतभर वर. जावयाने पट्टी उचलली आणि थांबला. लंब्याही थांबला.

ही पुसली की आई आपली.

"पूस तू," जावई म्हणाला. आपल्या तोंडून हे कसं निघालं याचं त्यालाच नवल वाटलं. "आई तुझी आहे."

"नको, तू पूस. तुझ्याकडे तळमजला आहे. तिला जिना नको आता."

"पण तू थोरला."

"म्हणूनच सांगतोय, पूस."

"नाही, तूच."

द्वारपाल बाहेर आला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "दोघेही वेडे आहात का?" त्यावर मात्र त्यांचं एकमत झालं. बादल्या उचलून ते चहा प्यायला निघून गेले.

पुन्हा मावळती

पुढच्या फेरीला चौघे ठरवून गेले. सासूबाईंचं प्लास्टर निघालं होतं आणि भांग नाकाच्या रेषेत आला होता.

भोंगेवाली बाई जरा नाराज दिसत होती. "हा आपला सुवर्णमनोरा. याच्यावर पूर्वी एक अर्थपूर्ण पट्टा होता..." तिचा आवाज गळाला. "हल्ली दिसत नाही."

पट्टा नव्हता. डावीकडून उजवीकडे सगळं सोनं, मधे एक सांधा नाही. सासूबाई बघत राहिल्या. बोलल्या नाहीत, हीच मोठी गोष्ट. जावयाने पाहिलं तर त्या शालीच्या टोकाने डोळे टिपत होत्या. खारा वारा लागला असेल, असं त्याने समजून घेतलं.

मग त्यांनी डोळे बारीक केले. "खाली ते काय राहिलंय? ती एक काच?"

"ती..." जावई म्हणाला.

"ती म्हणजे..." लंब्या म्हणाला.

"हे म्हणाले तू पूस, दादा म्हणाला तू पूस," बायको म्हणाली. "आजतागायत चाललंय."

सासूबाई हसायला लागल्या. पोट धरून, चांगल्या दोन्ही हातांनी. सूर्याकडे बघणारी माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

"ऐका," शेवटी त्या म्हणाल्या. "मी जावईबापूंकडे राहणार."

लंब्याने जावयाच्या पाठीत धपका घातला, जरा जोरातच.

"लगेच फुगू नका. तळमजला आहे म्हणून येतेय, प्रेमाबिमाचा प्रश्न नाही. आणि लंब्या, तू रोज रात्री जेवायला यायचं. भांडी तू घासायची. सामान दोघांनी मिळून उतरवायचं, चौथ्या मजल्यावरून, आणि कपाट आडवं करायचं नाही."

"हो आई," दोघे म्हणाले. एका सुरात, शाळेतल्यासारखे.

"आणि ती खालची काच? तेवढी उद्या कोण पुसणार?"

जावयाने लंब्याकडे बोट दाखवलं. लंब्याने जावयाकडे.

"हा पुसेल."